शाळेतला निवांत कोपरा : बाग, खेळ आणि मुलांचे मन

शाळेतला निवांत कोपरा म्हणजे आवारातली अशी जागा, जिथे मूल आपल्या मर्जीने येते, जिथे त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, गुण देत नाही, आणि जिथे हाताला काहीतरी करायला मिळते. माती, पाणी, बी, खडे, दोरी एवढे सामान त्याला पुरते. मोठे मैदान असलेल्या शाळेत अशी जागा असतेच असे नाही. मैदान नसलेल्या शाळेत ती करता येत नाही, असेही नाही. मैदानावर मोठी, धीट, खेळात तरबेज मुले पुढे असतात. एका बाजूच्या क्रिकेटने सगळे आवार व्यापले की लहान वर्गातली मुले, बऱ्याच मुली आणि गोंगाटाने बावरणारी मुले भिंतीला टेकून मधली सुट्टी काढतात. निवांत कोपरा आधी त्यांच्यासाठी आहे आणि मग सगळ्यांसाठी.

मुंबईच्या उपनगरांत या जागेची गरज अधिक तीव्र आहे, आणि त्याला उपनगरांच्या वाढीचा इतिहास कारण आहे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. त्याआधी यातला बराचसा मुलूख गावठाणे, वाड्या, भातखाचरे, मिठागरे आणि टेकड्यांचा होता. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजारांच्या आसपास भरली, म्हणजे दर चौरस किलोमीटरला जवळजवळ २१ हजार माणसे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. तो वगळला तर वस्तीतली खरी दाटी या आकड्याहून कितीतरी जास्त ठरते. बोरिवलीच्या पूर्वेला आणि मुलुंडच्या पश्चिमेला जंगल आहे, पण त्याच बोरिवली-मुलुंडमधल्या कित्येक शाळांच्या आवारात पेव्हर ब्लॉकमुळे हातभरही माती उघडी नाही.

अशा शाळेत येणाऱ्या मुलाचा दिवस पाहिला की गरज आणखी स्पष्ट होते. घर एक-दोन खोल्यांचे, जिना किंवा लिफ्ट उतरली की गाड्यांनी भरलेला रस्ता, मग रिक्षा किंवा शाळेची बस, मग ५० ते ६० मुलांचा वर्ग, आणि शाळा सुटल्यावर शिकवणी. जागेअभावी बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत चालतात. सकाळची पाळी लवकर भरते, दुपारच्या पाळीची मुले फाटकाशी उभी असतात, आणि दोन्ही पाळ्यांची मधली सुट्टी आखडलेली असते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने २०२४ मध्ये काढला. मुलांच्या झोपेसाठी तो योग्यच होता, पण मुंबईत त्याच्या आड पहिल्यांदा दोन पाळ्यांचे गणितच आले. या मुलांच्या दिवसात कमी पडतो तो मोकळा वेळ, आणि जागेचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

हिरवळ आणि मोकळा वेळ यांचा मनाशी संबंध काय, याचा अभ्यास गेल्या ४० वर्षांत बराच झाला आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली होती. रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ च्या ग्रंथात त्यामागची एक उपपत्ती मांडली. फळ्यावरचे गणित किंवा पुस्तकातली ओळ यांवर लक्ष टिकवताना मनाला इतर सर्व गोष्टी नेटाने बाजूला साराव्या लागतात, आणि ती ताकद थकते. हलणारे पान, वाहणारे पाणी, मुंग्यांची रांग यांकडे लक्ष आपोआप जाते. त्यासाठी जोर लावावा लागत नाही आणि तेवढ्यात थकलेली ताकद भरून येते. वर्गात चुळबुळ करणारे मूल दहा मिनिटे वाफ्यापाशी बसून आले की पुन्हा ऐकू लागते, हा बालवाडीच्या बाईंचा जुना अनुभव या उपपत्तीत नीट बसतो.

शाळांमध्येही मोजणी झाली आहे. बार्सिलोनातील ३६ शाळांच्या सुमारे २,६०० मुलांचा वर्षभर अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळेच्या आवारात आणि सभोवती हिरवाई जास्त असेल, तिथल्या मुलांची कार्यकारी स्मृती अधिक वेगाने वाढली होती. डेन्मार्कमध्ये ९ लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे दिसले की बालपणी घराभोवती सर्वांत कमी हिरवाई असलेल्यांमध्ये पुढे मानसिक आजारांचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता. असे अभ्यास संबंध दाखवतात. झाड लावले की आजार टळला, इतके सरळ कारण ते सिद्ध करत नाहीत आणि शाळांनीही पालकांना तसे सांगू नये. डोळ्यांच्या बाबतीत मात्र पुरावा थेट आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटे वर्गाबाहेर घालवण्याचा जादा तास ठेवला. तीन वर्षांनी त्या मुलांत दूरचे अंधुक दिसण्याचा दोष नव्याने येण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर शाळांत ३९.५ टक्के. उपनगरांतल्या वर्गांत चष्मे किती वाढले आहेत, हे सांगायला कोणत्याही शिक्षकाला आकडे लागत नाहीत.

शाळेत मुलांसाठी बाग असावी ही कल्पना परदेशातून आजच आलेली नाही. जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग येथे १८३७ मध्ये फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. त्यांच्या आखणीत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता आणि सगळ्यांनी मिळून राखायचे सामाईक वाफेही होते. आपल्या वाफ्यात मूल हवे ते करी, चुकलेही तरी चाले. सामाईक वाफ्यात इतरांचा विचार करावा लागे. किंडरगार्टन हे नाव जगभर गेले, मुंबईच्या गल्लीबोळांतही पोचले, पण वाफा मात्र मागे राहिला. ही त्या नावाची मोठी हानी आहे.

महाराष्ट्रात ती हानी भरून काढण्याचे काम ताराबाई मोडक यांनी केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला १९३६ मध्ये शिशुविहार उभे राहिले. मध्यमवर्गीय वस्तीतले ते बालमंदिर नावारूपाला आले असताना ताराबाईंना खेड्यातल्या मुलांचा प्रश्न बेचैन करत होता. १९४५ मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले.

बोर्डीत पहिली अडचण मुले शाळेत न येण्याची होती. तेव्हा शाळाच वस्तीत गेली. झाडाखाली, घरापुढच्या अंगणात मुले जमवून, त्यांना न्हाऊ-माखू घालून, गाणी-खेळ घेऊन जे वर्ग भरले त्यांतून अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. बालशिक्षणात वापरली जाणारी मारिया मॉन्टेसरी यांची साधने महाग आणि परकी होती. त्यांच्या जागी ताराबाई-अनुताईंनी बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या आणल्या. मोजणी, वर्गवारी, रंगओळख सगळे त्यांतून झाले. काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर वारली मुलांशी गाठ पडली. ही मुले गुरे चारायला रानात जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. कुरणशाळा ती हीच. तिथे मुलाला झाडापासून तोडून शिकवले जात नव्हते. जे त्याला आधीच ठाऊक होते तिथून शिक्षणाची सुरुवात होत होती.

उपनगरांतल्या शाळांना कोसबाडची पद्धत आज आहे तशी उचलता येणार नाही. तिथले रान इथे नाही. पण दोन गोष्टी जशाच्या तशा घेता येतात. एक म्हणजे साधने परिसरातली आणि फुकट असावीत. दुसरी, मुलाच्या जवळ असलेल्या ज्ञानाला शाळेत जागा मिळावी. आरे वसाहतीतल्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या पाड्यांवरची मुले टाकळा, शेवळे, कंटोळी, भारंगी नुसत्या पानांवरून ओळखतात. कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांतल्या आजी-आजोबांनी शेती केलेली असते. वर्गात मागे बसणारे असे मूल बागेत पुढे येते, कारण तिथे त्याला सांगण्यासारखे काही असते. मुलाच्या मनाला यापेक्षा मोठा आधार शाळा क्वचितच देऊ शकते.

बागकामाच्या दृष्टीने मुंबईच्या शाळेला एक अनुकूलता आहे, तिचा फायदा मात्र फार थोड्या शाळा घेतात. इथे शाळेचे वर्ष आणि पाऊस एकाच वेळी सुरू होतात. जूनच्या मध्यावर मुले नवी वह्या-पुस्तके घेऊन येतात तेव्हा माती ओली असते, पाणी घालावे लागत नाही, आणि भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, अळू यांची लागवड होऊ शकते. टोकलेली भेंडी चार-पाच दिवसांत उगवते, साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिली भेंडी हाताला लागते, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या मागेपुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पालक, मेथी, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, झेंडू. मेथी दोन-तीन दिवसांत कोंब दाखवते आणि तीन-साडेतीन आठवड्यांत जुडी होते. लहान वर्गांसाठी मेथी आणि लाल माठ उत्तम, कारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त वाट पाहणे जड जाते. मोठ्या वर्गांना मिरची, वांगी, टोमॅटो द्यावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, तेव्हा गोळा केलेला पालापाचोळा एका जाळीच्या पेटाऱ्यात साठवावा. पावसाळ्यानंतर त्याचे खत वापरता येते. उरतो एप्रिल-मेचा प्रश्न. त्या दोन महिन्यांत कोणी पाणी घालणार नसेल तर वाफे मोकळे ठेवून पाल्याने झाकावेत, आणि कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, तुळस अशी टिकाऊ झाडे तेवढी शिपाईकाकांच्या किंवा शेजारच्या सोसायटीच्या हवाली करावीत.

कढीपत्त्याचे आणि लिंबाचे एक झाड प्रत्येक शाळेत असावेच. मॉर्मन कुळीची फुलपाखरे त्यांवर अंडी घालतात. या कुळीतल्या ब्लू मॉर्मनला २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले गेले. अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होताना हिरवी होते, मग कोष करते आणि साधारण दोन आठवड्यांत त्यातून फुलपाखरू निघते. चौथीच्या परिसर अभ्यासात जे चित्रात पाहायचे ते इथे दररोज मधल्या सुट्टीत पाहता येते. त्यासाठी पाने कुरतडलेली दिसली तरी औषध न फवारण्याची शिस्त मोठ्यांनी पाळायला हवी.

मातीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. खाडीलगतच्या आणि भराव घातलेल्या जमिनीत बांधकामाचा राडारोडा असतो. तिथे खाण्याच्या भाज्या थेट जमिनीत लावण्याऐवजी क्रेट, ड्रम किंवा विटांच्या उंच वाफ्यांत लावाव्यात. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला ३० लागते. गच्चीवर बाग करायची तर वजनाचा हिशेब आधी. ओल्या मातीचा १० सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला दीडशे किलोहून जास्त भरतो, आणि माणसांच्या वापरातली साधी गच्ची भारतीय मानकांनुसार साधारण तेवढ्याच भारासाठी आखलेली असते. जुन्या इमारतीत संरचना अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय एकही वाफा वर चढवू नये. कोकोपीट, पाला आणि कंपोस्ट यांच्या हलक्या मिश्रणाचे प्रयोग या शहरात झाले आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून फळझाडे आणि भाज्या वाढवल्या. श्रीपाद दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून आलेले अमृतजल अशा बागांत वापरले जाते: १० लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळून आंबवलेले. मुंबईच्या शाळेत शेण-गोमूत्र मिळणे सोपे नाही, पण भाजीच्या देठांचे खत प्रत्येक शाळेत होऊ शकते.

डासांचा प्रश्नही टाळता येत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार कोरडा. त्या दिवशी मुलांनीच सगळ्या ताटल्या उपड्या करायच्या. हे काम बागकामाचा भागच आहे आणि मुले ते फार मन लावून करतात.

निवांत कोपऱ्यातला खेळ स्पर्धेचा नसतो. सागरगोटे, काचकवड्या, ठिकरी, भोवरा, दोरीवरच्या उड्या, मातीत रेघोट्या, पानांची दुकाने असे खेळ दोन-चार मुलांत, कमी जागेत, कमी आवाजात होतात आणि नियम मुले स्वतः ठरवतात. नियम ठरवताना भांडण होते, ते मिटवावे लागते, हरणे पचवावे लागते. रागावर ताबा मिळवणे आणि दुसऱ्याची पाळी येऊ देणे मूल इथे शिकते. सागरगोट्यांच्या खेळात हात, डोळा आणि लक्ष यांचा जो मेळ लागतो, त्यासाठी आज महागडी साधने विकली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आणि भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. विश्रांती हा शब्द त्या कलमात खेळाच्याही आधी येतो.

सर्वांत नाजूक भाग मोठ्यांच्या वागण्याचा आहे. आपल्या शाळांत कोपरा ही शिक्षेची जागा होती. कोपऱ्यात उभा राहा, अंगठे धर, ही आज्ञा कित्येक पिढ्यांनी ऐकली. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. तरीही दंगा करणाऱ्याला बागेत पाठवून द्यायची सवय लागली तर निवांत कोपरा पुन्हा त्या जुन्या कोपऱ्यासारखाच होईल. तसेच खोड्या केल्या म्हणून कोणाची बागेची पाळी काढून घेणेही चूक, कारण ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याकडूनच ती हिरावली जाते. मूल स्वतः उठून तिथे जाऊ शकले पाहिजे, आणि बाईंना एक ठरलेली खूण केली की जाण्याची मुभा मिळाली पाहिजे. स्वमग्न मुलांना, आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांना, घरात कोणी दगावले आहे अशा मुलांना ही मुभा औषधाइतकी उपयोगी ठरते. मात्र समुपदेशकाची जागा बाग घेऊ शकत नाही. आठवडेच्या आठवडे एकटे बसणारे, खाणे-बोलणे सोडलेले मूल दिसले तर पालकांशी आणि तज्ज्ञांशी बोललेच पाहिजे. बागेचा उपयोग एवढाच की तिथे रोज थांबणाऱ्या शिक्षकाच्या असे मूल लवकर लक्षात येते.

थांबणारा मोठा माणूस लागतोच. त्याने शिकवायचे नाही, पण हजर राहायचे. सहसा हे काम कार्यानुभव किंवा परिसर अभ्यासाच्या शिक्षकांकडे जाते, आणि पुष्कळदा शाळेतल्या मावशी ते सर्वांत चांगले करतात, कारण त्यांचे स्वतःचे बालपण शेतावर गेलेले असते. त्यांना तो वेळ कामाच्या तासांत धरून द्यावा. बाग पाहुण्यांना दाखवायची, फलक लावायची, स्पर्धेत उतरवायची झाली की मुले तिथून दूर होतात आणि रोपवाटिकेतून आणलेल्या फुलांच्या कुंड्या रांगेत उभ्या राहतात. ज्या वाफ्यात मुलांना खणता येत नाही तो त्यांच्या उपयोगाचा नाही.

यासाठी नवा विषय किंवा नवा तास काढावा लागत नाही. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली आणि पुढे तो वेळापत्रकात आला. त्याहीआधी १९३७ मध्ये वर्ध्याला मांडलेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत हाताचे काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी होते. २०१९ मध्ये केंद्राने शालेय पोषणबागांच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत परसबागा फुलल्या. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य ही अट आहे. इतक्या तरतुदी असूनही कार्यानुभवाचा तास सराव परीक्षेला दिला जातो, आणि शनिवार कवायतीत आणि छायाचित्रांत संपतो. उपनगरांत जागा कमी आहे हे खरे, तरी चार क्रेट आणि एक बाक यांना जागा नाही अशी शाळा सापडणे कठीण. अडते ते वेळापत्रकापाशी.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे, आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याच्या कामात तिला स्थान दिले आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या समित्यांनी पुढच्या आराखड्यात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: उघड्या मातीची किंवा क्रेटची एक जागा, रोजची निदान २० मिनिटे, तिथे थांबणाऱ्या व्यक्तीचे नाव, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार त्याचे नाव. हे जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ठरायला हवे, कारण पेरणी पहिल्या पावसातच होते.